लाकडाचा व्यापार आणि कुरआनचा अभ्यास

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले सागवान प्रसिद्ध आहे. पण नागपुरात लाकडाचा व्यापार आणि घरप्रपंच सांभाळून कुरआन शरीफचा अभ्यास करणारे मरहूम मौलाना अब्दुल करीम पारेख आमच्या तरुण दुकानदारांना फारसे ठाऊक नाहीत. त्यांचा जन्म १९२८ चा, अकोला जिल्ह्यातला, म्हणजे ते आपल्याच वऱ्हाडचे. २००१ मध्ये पद्मभूषण मिळाला, २००७ मध्ये इंतकाल झाला.

त्यांचा 'आसान लुगातुल कुरआन' हा अरबी-उर्दू कोश. एरवी अरबी कोशात शब्द शोधायचा तर आधी त्याचा माद्दा, म्हणजे मूळ धातू, ओळखावा लागतो. मदरशात न शिकलेला माणूस तिथेच अडतो. पारेख साहेबांनी शब्द तिलावतीच्या क्रमाने लावले. वाचत जावे, अर्थ सापडत जातो. गिऱ्हाइकाला माल चटकन सापडावा अशी मांडणी व्यापाऱ्यालाच सुचणार!

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. नाजरा कुरआन येत होते, अर्थ येत नव्हता. 'दुकानातून वेळ कुठे मिळतो' हे आमचेही ठरलेले उत्तर होते. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना गादीवरच हा कोश उघडू लागलो. लग्नसराईत आणि दिवाळीत मात्र एक पानही उलटत नसे. इशानंतर मुलांना दिवसाचे चार शब्द सांगायचे, असे ठरवले. एकदा धाकट्या मुलीने आमचीच चूक पकडली. तेव्हापासून शब्द ती विचारते, अर्थ आम्ही सांगतो.