संगणक सुरू का होत नाही?

संगणकाची कळ दाबली आणि पडदा काळाच राहिला, तर पुष्कळ जण तीच कळ पुन्हा पुन्हा दाबतात किंवा ‘बिघडला’ म्हणून हात टेकतात. परंतु संगणक सुरू होणे ही एकच क्रिया नसून क्रियांची साखळी आहे. ती कोणत्या कडीपाशी तुटली हे ओळखले, की निम्मे काम झालेच म्हणून समजा. टेबलावरच्या संगणकात ही साखळी कशी असते ते पाहू.

पहिली कडी : वीज

आपल्या घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची आणि प्रत्यावर्ती असते. संगणकातील मंडलांना मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. हा बदल एसएमपीएस नावाची पेटी करते. दाब स्थिर झाले, की ती मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देते. त्यानंतरच प्रक्रियक कामाला लागतो.

म्हणून पंखा फिरत नसेल आणि दिवाही लागत नसेल, तर दोष बहुधा येथेच आहे. त्याच सॉकेटात टेबललॅम्प लावून पाहा. तो लागला, तर वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का आणि पेटीमागचा स्विच चालू आहे का, ते तपासा.

दुसरी कडी : स्वपरीक्षा

प्रक्रियक फक्त मिळालेल्या आज्ञा पाळतो. वीज येते तेव्हा तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, कोरी असते. मग पहिली आज्ञा कोठून येते? वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या एका चिपमधून. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये तिच्यातील आज्ञावलीला बायॉस म्हणत. आजच्या संगणकांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. ही आज्ञावली प्रथम रॅम, पडदा, कळफलक यांची हजेरी घेते. काही चुकले आणि पडदाच तयार नसला, तर ती कशी सांगणार? अशा वेळी अनेक संगणक ‘बीप’ असा आवाज करतात किंवा बारीक दिवे लावतात. बीप मोजा. त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो माहितीपुस्तिकेत मिळतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा, असे असेल तर आधी पडद्याची वायर व त्याचा स्वतःचा स्विच पाहा. नंतर रॅमकडे वळा. ओलावा व धूळ यांमुळे तिच्या पट्टीचा संपर्क बिघडू शकतो. पट्टी काढून पुन्हा नीट बसवली, की पुष्कळदा काम भागते. पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू आहे.

तिसरी कडी : कार्यप्रणाली

आता चिपमधील आज्ञावली डिस्कवरचा एक छोटा प्रोग्रॅम रॅममध्ये आणते आणि तो पुढे मोठी कार्यप्रणाली आणतो. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच उचलावे, तसा हा प्रकार! ‘बूट होणे’ हा शब्द त्यावरूनच आला.

डिस्क सापडत नाही असा संदेश दिसला, तर आधी लावलेला पेनड्राइव्ह काढा; संगणक त्यातच कार्यप्रणाली शोधत असेल. दर वेळी तारीख चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा विद्युतघट संपला असावा.

हे विसरू नका

पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढा. मोठ्यांना सोबत घ्या. अंगावरील स्थिर विद्युत घालवण्यासाठी पेटीच्या धातूला हात लावा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. त्यातील धारित्रांत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. तो जिवावर बेतू शकतो.

आणखी एक. वीज किंवा रॅम बिघडली म्हणून डिस्कवरचे फोटो व टिपणे सहसा पुसली जात नाहीत. ‘सगळे पुसून नव्याने भरू’ असे कोणी म्हटले, तर आधी त्यांची प्रत काढून मागा. फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू केल्याने नुकसान वाढते.

दोष हाती लागला नाही, तरी काय पाहिले आणि काय करून पाहिले ते क्रमाने लिहून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला त्या कागदाचा मोठा उपयोग होईल.