दादरची नवी वस्ती : हिंदू कॉलनी व शिवाजी पार्क

नगरें दोन रीतींनीं वाढतात. एका रीतींत माणसें येतील तसतशीं घरें उठतात आणि रस्त्यांना जागा मागाहून शोधावी लागते. दुसरींत रस्ते, गटारें व मैदानें आधीं आंखलीं जातात आणि माणसें नंतर राहावयास येतात. मुंबईंतील गिरगांव पहिल्या रीतीनें वाढलें, दादर-माटुंग्याची वस्ती दुसऱ्या.

या दुसऱ्या रीतीला कारण झाला तो प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत ही सांथ उघडकीस आली आणि पाहतां पाहतां लोक शहर सोडून जाऊं लागले. व्यापार थंडावला, गिरण्या ओस पडल्या. काळोख्या, कोंदट खोल्यांतच रोगाचें मूळ आहे, असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा समज होता. उंदरांवरील पिसवांमुळें प्लेग पसरतो हें पुढें सिद्ध झालें. परंतु तोंवर १८९८ च्या कायद्यानें ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ हें मंडळ स्थापन होऊन कामास लागलें होतें. निदान अपुरें असलें, तरी त्यांतून निघालेला उपाय मात्र शहराच्या कायमच्या उपयोगी पडला.

ट्रस्टनें एकीकडे दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. दुसरीकडे उत्तरेस नव्या वस्तीच्या योजना हातीं घेतल्या. दादर-माटुंग्याकडे त्या वेळीं भातखाचरें, माडांच्या वाड्या आणि खाजणें होतीं. तेथील योजना १८९९-१९०० च्या सुमारास तयार झाली. जमिनी संपादन करून त्यांचे प्लॉट पाडावयाचे आणि ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाचे, अशी पद्धत होती. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनीं प्रकाशाचा एक नियमही पुरस्कारिला होता : खोलीच्या खिडकीवर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनांतून उजेड आला पाहिजे. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर, समोर दहा फूट मोकळी जागा असेल तर समोरची भिंत खिडकीच्या पायथ्यापासून वीस फुटांहून उंच नसावी. दादरच्या जुन्या इमारतींत आजही जो मोकळेपणा जाणवतो, त्याच्या पाठीशीं असला हिशेब आहे.

आरंभीं कांहीं वर्षें ही योजना मंदगतीनें चालली. पुढें १९२५ पासून विजेच्या आगगाड्या सुरू झाल्या, १९२६ सालीं मोटारबस आली, आणि कोटांतील कचेरीपासून दूर राहणें मध्यम वर्गास परवडूं लागलें. पूर्वेस मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नानें पारशी कॉलनी उभी राहिली. तिच्या शेजारीं, क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची हिंदू कॉलनी आली आणि माटुंग्यास दक्षिणेकडील कुटुंबें स्थिरावलीं. जवळच्या ट्रामच्या अखेरच्या थांब्यावरून ‘दादर टी. टी.’ हें नांव पडलें. ट्राम १९६४ सालीं बंद झाली, नांव मात्र टिकलें.

चाळींतून आलेल्या कुटुंबास येथें जें मिळालें त्याला लोक ‘ब्लॉक’ म्हणत. चाळींत एकदोन खोल्या, लांब सामाईक गॅलरी, सामाईक नळ व सामाईक शौचकूप. ब्लॉकमध्यें दोनतीन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दाराच्या आंत शौचकूप. जुन्या आचाराच्या मंडळींस ही शेवटची सोय प्रथम रुचण्याजोगी नव्हती. तथापि पहांटे हंडा घेऊन रांगेंत उभें राहणें ज्या गृहिणीच्या नशिबीं होतें, तिला त्या बंद दाराचें मोल निराळें सांगावें लागलें नाहीं. चाळीचा शेजार मात्र सुटला. त्याची भरपाई शाळांनीं, ग्रंथालयांनीं आणि मैदानानें केली. १९३७ सालीं रुईया कॉलेज व १९४० सालीं बालमोहन विद्यामंदिर निघालें.

तें मैदान म्हणजे पश्चिमेकडील शिवाजी पार्क. १९२५ सालीं महानगरपालिकेनें तें ‘माहीम पार्क’ या नांवानें खुलें केलें आणि १९२७ सालीं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें, त्यास शिवाजीमहाराजांचें नांव मिळालें. सुमारें २८ एकरांची ती मोकळी भूमि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनीं गाजली, क्रिकेटपटूंच्या पिढ्या तिनें घडविल्या, आणि तिच्या भोंवतालचा कठडा, म्हणजे दादरकरांचा ‘कट्टा’, संध्याकाळच्या बैठकीचें ठिकाण झाला.

या चित्राला दुसरी बाजू आहे. ज्यांचीं घरें प्लेगच्या नांवानें पाडलीं गेलीं, ते बहुतांशीं मजूर व गरीब होते. दादरच्या ब्लॉकमध्यें राहावयास आले ते कारकून, शिक्षक, वकील आणि डॉक्टर. ट्रस्टनें गरिबांसाठीं चाळी बांधल्या, पण पाडलेल्या खोल्यांच्या मानानें त्या अपुऱ्या पडल्या. उजेडाचा नियम सर्वांसाठीं होता. उजेडाचें भाडें सर्वांस परवडणारें नव्हतें. १९३३ सालीं ट्रस्ट महानगरपालिकेंत विलीन झाला, तेव्हांही हा प्रश्न सुटलेला नव्हता.

पुढें १९४७ च्या कायद्यानें भाडीं बांधलीं गेलीं. भाडेकरूस स्थैर्य मिळालें, पण डागडुजीस पैसा उरेना. आतां त्या तीनचार मजली इमारतींच्या जागीं उंच मनोरे उठत आहेत. जीर्ण घरांत राहणाऱ्यांस नवें, सुरक्षित घर हवें, ही मागणी रास्तच आहे. परंतु खालच्या मजल्यावरील खिडकीस किती आकाश उरणार, हा ट्रस्टच्या काळचा प्रश्नही त्यासोबत परत आला आहे. नागपूरकरांसही तो परका नाहीं, कारण १९३६ च्या कायद्यानें तेथेंही असाच ट्रस्ट निघाला. नव्या वस्तीची योजना पाहतांना किती घरें बांधलीं याच्या जोडीला, किती जागा मोकळी ठेवली आणि ती कोणासाठीं, हें प्रत्येक गांवच्या नागरिकांनीं विचारावयास हवें.