रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं

रंगपंचमीला इंदूरच्या टोरी कॉर्नरहून निघालेली गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, राजवाड्याकडे सरकते, तेव्हा त्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. अशा गर्दीत कुणी अचानक कोसळलं तर १०८ला फोन लागेल, गाडीही निघेल. पण मेंदू तिच्यासाठी थांबत नाही. रक्तपुरवठा तुटल्यावर चार ते सहा मिनिटांत त्याच्या पेशींची कायमची हानी सुरू होते.

कोसळलेल्या माणसाच्या हृदयात नेमकं काय होतं? रक्तवाहिनी तुंबून स्नायूचा एक भाग उपाशी पडतो तो हृदयविकाराचा झटका. अशा वेळी रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दाबल्यासारखं होतंय असं सांगतो. त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यायचं. त्याची छाती दाबायची नसते. पण याच झटक्यामुळे कधी कधी हृदयाची विद्युतलय बिघडते. जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, नुसत्या थरथरतात, रक्त पुढे ढकललंच जात नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. मधूनच तो मोठा आचका देतो, आणि भोवतालच्यांना वाटतं, श्वास चालू आहे. घोटाळा इथे होतो. हाक मारून, हलवूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की हृदय थांबलंय असंच धरावं.

अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्याने काय करायचं, हे शिकवण्याचं काम हार्ट केअर फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेने मनापासून केलं. १९८६ साली दिल्लीत सुरू झालेली ही संस्था डॉ. के. के. अग्रवाल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं एम.बी.बी.एस. आणि एम.डी. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला झालं. १९९३पासून भरणारा संस्थेचा आरोग्य मेळा, शाळकरी मुलांचे आणि पोलिसांचे प्रशिक्षणवर्ग, या सगळ्यांतून त्यांनी ‘दहा’चं सूत्र घोकून घेतलं: दहा मिनिटांच्या आत सुरू करा, पुढची किमान दहा मिनिटं, छातीच्या मधोमध, दहा गुणिले दहा म्हणजे मिनिटाला शंभर वेळा दाबा. निरक्षर माणसालाही पाठ व्हावं असं हे सूत्र आहे, आणि मला त्यांचं हे सर्वांत मोठं काम वाटतं. फक्त पहिल्या ‘दहा’चा अर्थ दहा मिनिटं हाताशी आहेत असा कुणी घेऊ नये. दाबणं सुरू झालं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. १७ मे २०२१ला डॉ. अग्रवाल कोविडने गेले. आजारपणातही ते व्हिडिओवरून लोकांना धीर देत होते.

नुसती छाती दाबल्याने रक्त वाहतं, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लक्षात आलं. विजेच्या धक्क्याचे प्रयोग करताना गाय निकरबॉकर यांना दिसलं, की कुत्र्याच्या छातीवर जड पट्ट्या दाबल्या की धक्का देण्याआधीच रक्तदाब वाढतो. त्यावरून कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६०मध्ये ही पद्धत मांडली. नीट दाबल्यास नेहमीच्या प्रवाहाच्या जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा मिळतो, पण मेंदू तगवायला तेवढा उपयोगी पडतो. मोठं माणूस अचानक कोसळतं तेव्हा रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून सुरुवातीला तोंडाने श्वास दिला नाही तरी चालतं. पाण्यात बुडालेल्यांना आणि लहान मुलांना मात्र श्वासही द्यावा लागतो.

इंदूरच्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. आपली गणेश मंडळं आहेत, ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांना सभागृह भरतं, महाराष्ट्र साहित्य सभेत ज्येष्ठांची ये-जा असते. या ठिकाणी वर्षातून एकदा प्रशिक्षकाला बोलवून बाहुलीवर सराव करून घ्यावा. पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबायचं म्हणजे किती, हे वाचून कळत नाही. तळहाताच्या टाचेने, कोपर ताठ ठेवून दाबायचं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे हातालाच शिकावं लागतं. बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही, ती मोडूही शकते. पण बरगडी पुढे जुळते. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचे हात थकतात आणि दाब उथळ होत जातो, म्हणून माणसं बदलत राहावी लागतात. गेरेत माणसांची कमी नसते. त्यातल्या चौघांना हे येत असलं, तर एकाने फोन करावा, एकाने गाडीला वाट करून द्यावी आणि उरलेल्या दोघांनी आळीपाळीने छातीवरचा दाब चालू ठेवावा.