दुकानाच्या छापाची सायकल

पूर्वी पुण्यात सायकल घ्यायची म्हणजे छाप तेवढी ठरवावी लागे. रॅले, हंबर, हर्क्युलिस. नाही तर आपली ॲटलास किंवा हीरो. रंग काळा, गिअर एकही नाही, आणि खल करायचा तो डायनामोचा दिवा आत्ताच बसवावा की पुढच्या पगाराला, एवढाच. आता रोड बाइक घ्यायला निघालेल्या माणसाची अवस्था लग्नाच्या बस्त्याला बसलेल्या वधूपित्यासारखी होते. समोर ढीग पडतो, आणि प्रत्येक दुकानदाराचा हात नेमका महागाच्या थप्पीकडे जातो.

रोड बाइक म्हणजे अरुंद टायरांची, हलकी, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल असलेली सायकल. माझ्या भाचीने ती घ्यायचे ठरवले. मुलगी नुकतीच नोकरीला लागलेली. चार पगारांतून बाजूला काढलेले पैसे, आणि मनात 200 किलोमीटरची ब्रेव्हे पुरी करायची जिद्द. मला म्हणाली, "मामा, दुकानाच्या स्वतःच्या छापाची सायकल म्हणजे हलका माल का हो? ऑफिसातले सगळे तसेच म्हणतात."

ऑफिसातल्यांचे एक बरे असते. पैसे त्यांचे जात नाहीत.

दुकानाची घरची छाप म्हणजे काय, हे आधी पाहू. 1976 मध्ये फ्रान्समध्ये लील शहराजवळ डेकॅथलॉनचे पहिले दुकान निघाले. पुढे या मंडळींनी दुसऱ्यांच्या सायकली विकता विकता स्वतःच आखून, आपल्या नावाने विकायला सुरुवात केली. इंग्लंडात हाफर्ड्सची करेरा ही अशीच घरची छाप. यात मधला वितरक नाही, त्याचा नफा नाही, जाहिरातीवरही खर्च कमी. गिअर मात्र बहुधा जपानच्या शिमानोचे किंवा तैवानच्या मायक्रोशिफ्टचे असतात. म्हणजे नामवंत छापांच्या स्वस्त सायकलींवर दिसतात, त्याच घराण्यांतले. डेकॅथलॉनच्या नवशिक्यांसाठीच्या रोड बाइका बरीच वर्षे ट्रायबन नावाने विकल्या गेल्या. त्यांच्याच व्हॅन रिसेल छापाच्या सायकली 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये धावल्या. तेव्हा घरची छाप म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र शर्यतीची सायकल आणि आपल्याला परवडणारी सायकल यांत आडनावापलीकडे फारसे नाते नसते, हेही ध्यानात ठेवावे. नावे तर बदलतच असतात. पाहायची ती सायकल.

आता ब्रेव्हेचे गणित. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमाप्रमाणे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. चहा, जेवण, पंक्चर सारे धरून ताशी सरासरी पंधराच्याही आत. पहिला-दुसरा क्रमांक नाहीच. म्हणजे भाचीला पळणारी नव्हे, दिवसभर सोसवणारी सायकल हवी होती. या एका गोष्टीने निम्मा ढीग बाजूला पडला.

सर्वांत आधी माप. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे राहून, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायचे आणि जमिनीपासून त्याच्या कडेपर्यंत मोजायचे. भाचीचे भरले 74 सेंटिमीटर. त्याला 0.883 ने गुणले की पायडलांच्या आसापासून सीटची उंची अदमासाने कळते. तिची आली 65. पण सीट खालीवर करता येते. सीटपासून हँडलपर्यंतचा पल्ला सांगाड्यातच ठरलेला असतो, तो फार तर दोन-तीन सेंटिमीटरने कमीजास्त करता येतो. मोठ्या सांगाड्यावर हात ताणून बसलेला माणूस पन्नासाव्या किलोमीटरला मान चोळू लागतो. आम्ही गेलो त्या दुकानात (नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला!) मध्यम माप उभे होते. विक्रेता नम्रपणे म्हणाला, "ताई, सीट खाली करून देतो ना." ताई विरघळू लागल्या होत्या. मी मामाचा अधिकार गाजवला, आणि लहान मापासाठी आम्ही दोन आठवडे थांबलो.

दुसरी गोष्ट गिअरची, आणि इथेच स्वस्त सायकलींमध्ये खरा फरक असतो. गिअर किती आहेत, हे विचारू नये. सर्वांत हलका गिअर कोणता, हे विचारावे. पुढे 44 दात्यांची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी 28 ची असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 3.3 मीटर पुढे जाते. सपाटीवर बहार! पण दिवे घाटात तोच फेरा गुडघ्यांतून वसूल होतो. पुढची लहान चकती 34 ची असेल तर हेच अंतर अडीच मीटर होते, आणि मागेही 34 असेल तर जेमतेम 2.1. सिंहगडाच्या चढावर हा फरक म्हणजे बसून चढणे आणि उतरून ढकलणे यांतला फरक आहे. आणखी दोन-तीन हजार घालायचे तर ते इथे घालावेत.

मागच्या चाकातही डोकवावे. अगदी स्वस्त सायकलींत आट्यांनी बसवलेले जुन्या पद्धतीचे फ्रीव्हील असते. त्यात उजवीकडची बेअरिंग बरीच आत राहते आणि आसाचे टोक आधाराविना पडते. वजनदार स्वार आणि खड्डे एकत्र आले की आस वाकतो. कॅसेटचा हब अधिक टिकाऊ. टायर 28 किंवा 32 मिलिमीटर रुंदीचे मावतात ना, तेही पाहावे; 23 च्या टायरांची हौस आपल्या रस्त्यांवर करू नये. ब्रेक साधे रिमचे असले तरी चालतात, रंग कुठलाही चालतो.

वजनाचा मात्र बाऊ करतात. अशी सायकल दहा-अकरा किलोंची असते. 65 किलोंचा स्वार धरला तर एकूण 76. त्यातला एक किलो कमी झाला तर चढावर वाचणार शेकडा सव्वा. त्यासाठी एक पगार मोजण्याची गरज नाही.

उलट थोडे पैसे मागे ठेवावेत. हेल्मेट, पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, रात्रीसाठी दिवे आणि चमकणारे जाकीट ही यादी बिल झाल्यावर आठवते. भाचीने आधीच आठ हजार वेगळे काढले होते, म्हणून वरच्या मॉडेलचा मोह टळला. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांनंतर केबली बसतात आणि गिअर कुरकुरू लागतात. तेव्हा सायकल एकदा दुकानात नेऊन जुळवून घ्यावी. तिची परवाच जुळवून आणली. ब्रेव्हे जानेवारीत आहे. सध्या रोज पहाटे साडेपाचला तिला उठवण्याचे काम माझ्याकडे आहे.