तालुक्याच्या गावचा अध्यापक आणि तंत्रसाधनांची तालीम : गैरसमज व वस्तुस्थिती

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मोझरीचे गुरुकुंज मागे पडले की थोड्याच वेळात तिवसा लागते. या तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन शिक्षणासाठी येणारी मुले-मुली बहुतांशी कुऱ्हा, वरखेड, तळेगाव ठाकूर यांसारख्या आसपासच्या गावांतून येतात; त्यांपैकी पुष्कळांच्या घरी शेती किंवा शेतमजुरी हाच चरितार्थ असल्यामुळे सोयाबीनची सोंगणी आली, कापसाची वेचणी सुरू झाली, म्हणजे वर्गातील हजेरी रोडावते, आणि त्या दिवसांत जो भाग शिकवून झाला तो या विद्यार्थ्यांच्या वाट्याला पुन्हा कधी येईल याची शाश्वती उरत नाही. ऑनलाइन अध्यापनाच्या साधनांची खरी गरज कोठे असेल, तर ती अशा महाविद्यालयांत आहे. आणि नेमक्या याच महाविद्यालयांतील अध्यापकांच्या प्रशिक्षणाविषयी इतक्या चुकीच्या समजुती रूढ आहेत की, त्यांचा निरास केल्यावाचून त्या प्रशिक्षणाचा विचार नीट करताच येणार नाही.

सर्वांत पसरलेली समजूत अशी की, हा सारा उपक्रम २०२० सालच्या टाळेबंदीने जन्माला घातला आणि टाळेबंदी उठताच त्याचे प्रयोजन संपले. वस्तुस्थिती अशी आहे की, १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैअखेरपर्यंत आपल्या देशात ‘साइट’ नावाचा जो प्रयोग झाला, त्यात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवले गेले आणि त्याच माध्यमातून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याची तालीमही देण्यात आली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवरून सर्व देशभर दिसू लागले, आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयीन अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांतून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे स्थापन होऊ लागली. त्यांनाच २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाखाली ती आज चालतात. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि आता संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठातही असे केंद्र आहे. म्हणजे तिवस्याच्या अध्यापकाला यासाठी पुण्या-मुंबईस जाण्याचे कारण नाही.

टाळेबंदीच्या काळात जे घडले त्याला ऑनलाइन अध्यापन म्हणावे काय, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, आणि अमरावती शहरावर तर २२ फेब्रुवारी २०२१ पासून, राज्यातील इतर बहुतेक शहरे मोकळी असताना, पुन्हा टाळेबंदी आली; त्या आपत्तीत अध्यापकांनी हाती लागेल त्या साधनाने विद्यार्थ्यांशी संपर्क टिकवला, ही त्यांच्या कर्तव्यनिष्ठेची साक्ष आहे. तथापि पूर्वतयारीवाचून, पाठाची नव्याने रचना केल्यावाचून जे शिकवावे लागले, त्यावरून या पद्धतीची योग्यायोग्यता ठरवणे न्याय्य नाही.

आता ज्या गैरसमजाने सर्वाधिक हानी केली आहे त्याकडे वळतो. प्रशिक्षण म्हणजे कोणते बटन कोठे दाबावे याची माहिती, असे संस्थाचालकांपासून खुद्द अध्यापकांपर्यंत पुष्कळांना वाटते. त्यामुळे संगणक विभागातील एखाद्या जाणकाराने दोन दिवसांत सर्व विषयांच्या अध्यापकांना सरसकट एकच कार्यक्रम दाखवावा आणि प्रशिक्षण पार पडल्याची नोंद दप्तरी व्हावी, असा प्रघात पडतो. शिक्षणशास्त्राचा निर्वाळा याच्या विरुद्ध आहे. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये दाखवून दिले की, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याची सर्वसाधारण कला यांखेरीज अध्यापकापाशी एक तिसरे ज्ञान असावे लागते, ते म्हणजे हा विशिष्ट विषय शिकताना विद्यार्थी कोठे अडखळतो आणि ती अडचण कशी दूर करावी याचे. आणि २००६ मध्ये पुण्या मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी त्याच विचारात तंत्रज्ञानाची भर घालून असे प्रतिपादन केले की, साधनाचे ज्ञान या तिन्हींशी एकजीव झाले तरच ते वर्गात उपयोगी पडते.

वाणिज्य शाखेचे उदाहरण घेऊ. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज हा क्रम विद्यार्थी पाठ करतो, आणि तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बिनचूक झाला, अशी त्याची ठाम समजूत होते. ती चुकीची आहे: एखाद्या शेतकऱ्याने मळणीयंत्र विकत घेतले आणि ती रक्कम यंत्राच्या खात्याऐवजी दुरुस्ती खर्चाच्या नावे पडली, तर तेरीज तंतोतंत जुळेल, पण नफा मात्र वास्तवापेक्षा कमी दिसेल. अनुभवी अध्यापकाला ही अडचण ठाऊक असते. त्याने संगणकावरील तक्त्यात अशा चार-पाच चुका हेतुपुरस्सर पेरलेला हिशेब तयार केला, विद्यार्थ्यांनी एकेक नोंद बदलून नफा, मालमत्ता आणि तेरीज यांवर कोणता परिणाम होतो हे डोळ्यांदेखत पाहिले, म्हणजे फळ्यावर एक तासात जे साधत नाही ते साधते. हाच तक्ता ‘एक्सेलची ओळख’ या नावाखाली, सूत्रे कशी लिहावीत एवढ्यापुरता शिकवला गेला, तर वाणिज्याच्या अध्यापकाला त्यात आपले काही दिसत नाही आणि इतिहासाच्या अध्यापकाला तर मुळीच दिसत नाही.

इतिहासाच्या अध्यापकाची गरज निराळी आहे. तिवसा तालुक्यातच, वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने मानलेले कौंडण्यपूर आहे. तेथील उत्खननाचा मोरेश्वर दीक्षित यांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. परंपरा काय सांगते आणि उत्खनन काय सांगते हे दोन वेगळे प्रश्न कसे विचारावेत, हे शिकवताना उपग्रहाने टिपलेला नकाशा, स्थळाची छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या गावातील वृद्धांच्या आठवणी यांचा जो मेळ घालता येईल, तो त्या अध्यापकाला इतिहासाचा जाणकारच शिकवू शकेल. प्रशिक्षण विषयनिहाय असावे, हा माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

वयस्क अध्यापकांना हे जमणार नाही, असे जे बोलले जाते त्याचे उत्तरही येथेच मिळते. विद्यार्थी कोठे अडतो हे ओळखण्यास वर्षे लागतात, बटने शिकण्यास आठवडे. ज्याच्यापाशी पहिले आहे त्याला त्याच्याशी दुसऱ्याची सांगड घालणे अधिक सोपे असते.

तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करून पाठवले म्हणजे ऑनलाइन अध्यापन झाले, हाही एक भ्रमच आहे. ‘एडएक्स’ या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहिल्या जाण्याच्या ६९ लाख प्रसंगांची छाननी करून फिलिप गुओ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, चित्रफीत कितीही लांब असो, सर्वसाधारण विद्यार्थ्याचे लक्ष तीवर फार तर सहा मिनिटे टिकते. तेव्हा पाठाचे लहान खंड पाडावेत, प्रत्येकाच्या अखेरीस एखादा प्रश्न ठेवावा, त्याची उत्तरे पाहून पुढच्या प्रत्यक्ष तासाची आखणी करावी. ही संपादनाची कला आहे आणि ती शिकवावी लागते. आपल्याकडील कित्येक कार्यशाळांत तिचा उल्लेखही नसतो.

महाग उपकरणांवाचून काही करता येत नाही, ही समजूत तर तालुक्याच्या महाविद्यालयांना अकारण हताश करते. हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून अशी पद्धत रूढ केली की, वर्गात एक अवघड प्रश्न विचारावा, प्रत्येकाकडून उत्तर घ्यावे, शेजाऱ्याशी चर्चा करू द्यावी आणि मग पुन्हा उत्तर मागावे. पुढे उत्तरे नोंदवण्यासाठी विजेवर चालणारी उपकरणे आली. परंतु नॅथनिएल लास्री यांनी २००८ मध्ये ती उपकरणे आणि साधी पुठ्ठ्याची कार्डे यांची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. मुंबईच्या आयआयटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर व त्यांचे सहकारी यांनी संगणक प्रोग्रॅमिंगच्या एका मोठ्या वर्गात आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सर्वांसमोर मांडणी अशी रीत अवलंबून निरीक्षण केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. अशा वर्गासाठी खडू-फळा पुरतो, आणि ही पद्धत अंगवळणी पडलेला अध्यापक पुढे उपकरण हाती आले तर त्याचाही सार्थ उपयोग करतो.

नेटवर्कची तक्रार मात्र खोटी नाही, घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर शेतात, ही अवस्थाही खोटी नाही. चूक आहे ती यावरून ‘आपल्याकडे ऑनलाइन अध्यापन शक्यच नाही’ असे जे अनुमान काढले जाते त्यात. सेकंदाला ५०० किलोबिट या दराची दहा मिनिटांची चित्रफीत सुमारे ३७ एमबी भरते. तेच निवेदन २४ किलोबिटच्या ध्वनिफितीत दोन एमबीपेक्षा कमी जागा घेते, म्हणजे भार सुमारे एकविसांशावर येतो. थेट तासाचा हट्ट सोडून ध्वनिफीत, दोन पानांचे टिपण आणि एक प्रश्न असा मजकूर संध्याकाळी केव्हाही उतरवून घेता येईल अशी तजवीज केली, तर वेचणीवरून परतलेली विद्यार्थिनीही तो ऐकू शकते. मूडल ही अध्यापनव्यवस्था २००२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि बाहेरचे इंटरनेट नसतानाही महाविद्यालयाच्या आवारातील एका संगणकावरून चालते; मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लहान पाठ मराठीतही आहेत; आणि २०१७ पासून ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या घरच्या डिशवर दिसतात. कोणत्या परिस्थितीत कोणते साधन निवडावे, हा विवेक प्रशिक्षणाचा गाभा असला पाहिजे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे प्रशिक्षण पुरे झाले, या समजुतीबद्दल अध्यापकांना दोष देणे मला उचित वाटत नाही, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पदोन्नतीसाठी अशा अभ्यासक्रमांची पूर्तता आवश्यक असते आणि प्रमाणपत्र जोडल्यावाचून प्रस्ताव पुढे सरकत नाही. परंतु ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाच्या संशोधनातून जे दाखवले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे: व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांतून नवे कौशल्य समजते, पण आपल्या वर्गात परतल्यावर सहकाऱ्याची सोबत आणि वारंवार सराव लाभला तरच ते टिकते. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने मुंबई आयआयटीने दहा हजार अभियांत्रिकी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा जो प्रकल्प चालवला, त्यात व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित होई, पण प्रात्यक्षिके त्या त्या केंद्रावर, आधी तयार केलेल्या स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली होत. उपग्रह आणि तंतुजाल यांच्या युगातही शेजारी बसणारा जाणता माणूस लागतो, हे त्या योजनाकारांनी ओळखले होते.

यंत्र अध्यापकाची जागा घेईल, ही भीती शेवटी राहते. चलत्‌चित्रांमुळे शाळांतून पुस्तके लवकरच नाहीशी होतील, असे एडिसनने १९१३ मध्ये सांगितले होते आणि तसे झाले नाही. तरीही ही भीती निव्वळ भ्रम म्हणून झटकून टाकता येत नाही: एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या शासकीय ऑनलाइन व्यासपीठावरून पूर्ण करण्याची मुभा आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी दिली आहे, आणि मंजूर जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर काम चालवण्याची सवय जेथे जडली आहे तेथे या मुभेचा उपयोग कार्यभार घटवण्यासाठी होणार नाही, याची हमी कोणी द्यावी? तो प्रश्न पदभरतीचा आहे आणि पदभरतीनेच सुटेल. प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठा अन्याय याच तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर होतो. त्यांना मानधन तासागणिक मिळत असल्यामुळे प्रशिक्षणाला गेलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई, आणि वर्गांचा मोठा भार तर त्यांच्याच शिरावर असतो.

म्हणून तिवस्यातीलच नव्हे, वऱ्हाडातील अशा प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, पुढील सत्राच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास अध्यापकांच्या परस्पर सरावासाठी राखून ठेवावा, एकाच विषयाच्या शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांतील अध्यापकांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना त्या तासांचे मानधन देण्याची तरतूद अंदाजपत्रकात स्पष्ट शब्दांत करावी.