पाळी तीच, दिवस वेगळा

पुण्या-मुंबईत घरच्या आजारी माणसांची देखभाल करायला ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशींची पाळी बहुधा बारा तासांची असते, नाहीतर चोवीस तासांची. ठरवताना काम सगळीकडे सारखंच सांगितलं जातं: आंघोळ, भरवणं, औषधं, डायपर. प्रत्यक्षात दिवसाची आखणी करतो तो आजार.

अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबे आणि टाचांवर दाबाने जखमा होतात. नाकातून नळी असेल तर डोक्याकडची बाजू उंच करूनच भरवायचं आणि पुढे अर्धा तास तरी तसंच ठेवायचं. पार्किन्सन झालेल्या आजोबांचा दिवस लेव्होडोपाच्या गोळीभोवती फिरतो. गोळी लागू पडली की अंग मोकळं होतं, तेवढ्यात आंघोळ, चालणं उरकायचं. भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत घेतल्यास गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. स्मृतिभ्रंशात बऱ्याच जणांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते. त्या वेळी आंघोळीचा आग्रह नकोच.

चोवीस तासांच्या कामाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. रात्रभर उठून कूस बदलणाऱ्या बाईला दिवसा सलग झोप मिळणार कधी? तिच्या झोपेच्या वेळी आजींजवळ कोण बसणार, हे घरच्यांनी पहिल्याच दिवशी ठरवावं. भांडी-स्वयंपाक तिच्याकडे आहे की नाही, तेही तेव्हाच सांगावं.