विमानातला रोजा आणि मनगटावरचे घड्याळ

रमजानमधला उमराह बिलोलीकरांना आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. येसगीचा पूल ओलांडायचा, बोधन-निजामाबादमार्गे हैदराबाद गाठायचे आणि तिथून जेद्दाहचे विमान. तिकीट हाती आले की घरात एकच चर्चा: इफ्तार कुठे आणि किती वाजता?

हैदराबाद ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. जायला साधारण साडेपाच तास लागतात. तिकिटावर मात्र सुटण्याची वेळ हैदराबादची आणि पोहोचण्याची जेद्दाहची असते. सकाळी दहाला निघालेले विमान तिथल्या दुपारी एकला उतरते. पाहणाऱ्याला वाटते, तीनच तास! सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, ही सारी त्याचीच गंमत. येताना पाच तासांचा प्रवास कागदावर साडेसात तासांचा दिसतो.

रोजेदाराला हा हिशेब अंगावर घ्यावा लागतो. मार्चच्या मध्याचे धरा. हैदराबादेत सहरी सव्वापाचच्या सुमारास संपते, मगरिब साडेसहाच्या आसपास. रोजा सव्वातेरा तासांचा. पण सहरी हैदराबादची आणि इफ्तार जेद्दाहची असेल, तर तोच रोजा पावणेसोळा तासांवर जातो. विमान पश्चिमेला सूर्यामागे धावते, म्हणून तो लवकर मावळत नाही. शिवाय उंचीवरून क्षितिज खाली जाते. जमिनीवर अजान झाली तरी खिडकीतून सूर्य आणखी दहा-पंधरा मिनिटे दिसतो. इफ्तार आपल्याला दिसणाऱ्या सूर्याप्रमाणे, बिलोलीच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे. परतीच्या दिवशी उलटे होते: जेद्दाहची सहरी करून सकाळच्या विमानाने पूर्वेला निघालात, तर रोजा जेमतेम पावणेअकरा तासांचा. तोही पूर्णच.

मुंबईहून जहाजाने हाजी जात, तेव्हा दहा-पंधरा दिवसांत वेळ हळूहळू सरके, कुणाला कळतही नसे. ती जहाजे १९९५ मध्ये बंद झाली.

मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनमध्ये आहे (सूरह बकरह, आयत १८५). मात्र हनफी मतानुसार पहाटेच्या वेळी जो घरीच होता, त्याला त्या दिवशी केवळ प्रवासाच्या कारणावरून रोजा सोडता येत नाही. आदल्या रात्रीच बिलोली सोडलेल्याची गोष्ट वेगळी. म्हणून गाडी कधी काढायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहून आधीच ठरवावे. आजाऱ्याला स्वतंत्र मुभा आहे. मधुमेह असणाऱ्यांनी पावणेसोळा तासांचा आकडा सांगूनच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘रोज तर ठेवतोच की’ म्हणून भागत नाही.

खजूर हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. पाण्याची भरलेली बाटली तपासणीत अडते. रिकामी न्या, आत गेल्यावर भरून घ्या.